शेजारच्या घरातली गोष्ट

शाळेत मुलं त्यांना तोंडावर "बाई" म्हणत आणि पाठीमागे "कशावरूनबाई". उत्तर बरोबर असो की चूक, बाईंचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "कशावरून?" घरीही तीच तऱ्हा. नवरा शिवणकाम करणारा, बोलणंही कापडासारखं मोजूनमापून. तो म्हणाला, "आज तुझं डोकं दुखतंय," की या विचारायच्या, "कशावरून?" तो मान वर न करता सांगायचा, "चहा अर्धाच प्यायलीस आणि मला एकदाही टोकलं नाहीस." बाईंना ते पटायचं. पुरावा दिला की त्यांच्याकडे पूर्ण गुण मिळायचे, नवऱ्यालासुद्धा.

वाचून समजणं शिकवण्यात बाईंची बावीस वर्षं गेली होती. सुरुवातीला पुस्तकात राजे आणि पऱ्या असायच्या. राजा रानात का गेला, असं विचारलं की तीस मुलं एका सुरात उत्तर देत, आणि त्यातल्या पंचवीस जणांनी धडा उघडलेलाही नसे. एके दिवशी बाई वैतागल्या आणि राजाला कपाटात बंद करून स्वतःच गोष्टी लिहू लागल्या. भांडी घासायची पाळी कुणाची, कचरा खाटेखाली कुणी लोटला, दोरीवरचे कपडे काढायचं कोण विसरलं, असल्या गोष्टी. वाचायला देताना त्या आवाज खाली आणून म्हणायच्या, "ही आपल्या शेजारच्या घरातली गोष्ट आहे बरं का. अगदी खरी." मुलं कान टवकारून पुढे सरकायची. राजासाठी तोंड न उघडणारी पोरं केर कुणी काढायचा यावरून हमरीतुमरीवर यायची. बाईंना या युक्तीचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

त्या अभिमानाला भिंगरीने सुरुंग लावला.

भिंगरी नऊ वर्षांची. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती दप्तर तिथेच टाकून पळायची आणि वर्ग भरता भरता धापा टाकत परतायची, म्हणून ते नाव. वाचायची मात्र इतकं स्वच्छ की ऐकत राहावं. कुठे अडखळणं नाही, कुठे ओळ चुकणं नाही. वाचून झालं आणि प्रश्न विचारला की संपलं.

"भांडी कुणी घासली गं?"

"माहीत नाही."

"आत्ताच वाचलंस ना?"

"हो."

"मग?"

भिंगरी खाली बघायची. दोन चाचण्यांत तिला आकलनात शून्य मिळालं होतं. तिसऱ्यांदा शून्य मिळालं की मुलाला वेगळ्या वर्गात पाठवायचं, असा नियम होता. तो वर्ग शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत. सकाळी सातची बस, परतायला संध्याकाळचे सहा. तिसरी चाचणी शुक्रवारी होती आणि ती घ्यायला बाहेरून तपासनीस येणार होत्या.

सोमवारी हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं. "बाई, पोरगी नुसती पोपटपंची करते. डोक्यात काही शिरत नाही. तिकडे गेली तर तिचं भलंच होईल."

"तिला सगळं कळतं, सर."

"कशावरून?" हेडसर म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांच्यावर असा उलटला नव्हता. तो त्यांना चांगलाच झोंबला.

सोमवार, मंगळवार, बुधवार, शाळा सुटल्यावर बाई तिला वीस मिनिटं थांबवून घेऊ लागल्या. वीसच, कारण एकविसाव्या मिनिटाला भिंगरीचा पाय दाराकडे वळायचा. बाईंनी गोष्टी सोप्या केल्या, प्रश्न सोपे केले, चित्रं काढली, लालूच दाखवली, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. बुधवारी तर त्या इतक्या चिडल्या की, "तुला इथून जायचंच आहे का?" असं बोलून बसल्या. भिंगरीचा चेहरा पांढरा पडला. "नाही बाई," ती म्हणाली. "मला लांब नाही जाता येणार." का, ते तिने सांगितलं नाही आणि बाईंनीही, आश्चर्य म्हणजे, विचारलं नाही.

गुरुवारी बाईंनी शेवटचा उपाय म्हणून नवी गोष्ट लिहून आणली. घरात आई तापाने पडली आहे. मुलगी शाळेतून येते, भांडी घासते आणि मग आईला गोळी देते. प्रश्न चारच, आणि चारही उत्तरं समोरच्या ओळींत. यात न जमण्यासारखं काही नव्हतं.

भिंगरी वाचू लागली. "मुलीने भांडी घासली. मग तिने पुडीतून गोळी काढून आईच्या हातावर ठेवली." इथे ती थांबली. पहिल्यांदाच थांबली.

"काय झालं?"

"हे चुकलंय, बाई."

"काय चुकलं?"

"गोळी आधी द्यायची. भांडी घासल्यावर हात ओले असतात. गोळी बोटाला चिकटते, विरघळते. मग अर्धीच पोटात जाते."

बाईंची नजर तिच्या हातांवर गेली. बोटांची टोकं भेगाळलेली, नखांच्या कडेला भांड्यांच्या राखेची रेघ. मधल्या सुट्टीतून ती रोज ओल्या हातांनी परतायची. बाईंनी ते शंभर वेळा पाहिलं होतं आणि वहीला पाण्याचे डाग पडतात म्हणून शंभर वेळा टोकलं होतं. दुनियेला कशावरून, कशावरून विचारत फिरणाऱ्या बाई, आणि दिव्याखाली हा एवढा अंधार. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"तुझी आई आजारी आहे का गं?"

भिंगरीने ओठ घट्ट मिटले. बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. शेवटी भिंगरीच बोलली, भिंतीकडे बघत.

"घरातलं बाहेर सांगायचं नाही. बाबा म्हणतात, घरातलं बाहेर गेलं की लोक घरात येतात. मग ते म्हणतील, पोरीला मामाकडे ठेवा. बाबा दिवसभर कामावर, मग आईजवळ कोण?"

"अगं, पण मी तुझ्या घरातलं कुठे विचारत होते? मी गोष्टीतलं विचारत होते."

"तुम्हीच म्हणालात ना, शेजारच्या घरातली आहे. खरी आहे." भिंगरी आता बाईंकडे वळली. "आपलं सांगायचं नाही, तर शेजाऱ्यांचं तरी कसं सांगायचं?"

बाई तिला पटवत राहिल्या. गोष्ट म्हणजे नुसती गोष्ट, ती माणसं कुठे राहत नाहीत, त्यांच्याबद्दल बोललं तर कुणाचं काही बिघडत नाही. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ बाईंना ओळखू आला. मोठी माणसं सोयीचं बोलतात, असा होता तो. इतके दिवस खरी आहे, खरी आहे म्हणून सांगितलं होतं. ते वीस मिनिटांत पुसलं जाणार नव्हतं. एकविसावं मिनिट झालं आणि भिंगरी निघून गेली.

आता करायचं काय? हेडसरांना सांगावं, तर पोरीचं गुपित संध्याकाळपर्यंत चार तोंडांनी गावभर होईल. न सांगावं, तर उद्या तिसरं शून्य, सातची बस, आणि मधल्या सुट्टीत पळत जाऊन आईला दुपारची गोळी द्यायला कुणी नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिवाय एक तिसरी गोष्ट बाईंना टोचत होती. नऊ वर्षांच्या पोरीने हे एकटीने ओढायचं, यात कौतुक करण्यासारखं काहीही नव्हतं. बाईंना तिच्या बापाचा राग आला, मग त्याची कीव आली, आणि दोन्ही मनात तसंच राहिलं.

शुक्रवारी चाचणी वाचनालयाच्या खोलीत होती. तपासनीस साठीला टेकलेल्या, शांत आणि शिस्तीच्या. नियम त्यांनी आधीच सांगितले. बाईंनी बसायचं, पण बोलायचं नाही. फक्त एक प्रश्न एकदाच दुसऱ्या शब्दांत विचारायची बाईंना मुभा होती, उत्तर न सुचवता. उतारा तपासनीसांनी स्वतः आणला होता. भिंगरी वाचू लागली. मुलगी शाळेतून घरी येते. घरात अंधार. मोरीत भांडी पडलेली. आई खाटेवर. मुलगी दिवा लावते, आईला पाणी देते, भांड्यांना हात घालते. तेवढ्यात दार वाजतं. दारात शेजारीण असते. उतारा तिथेच संपत होता. कुणीतरी दुसऱ्या गावात बसून लिहिलेला कागद, आणि नेमका हा.

"छान वाचलंस," तपासनीस म्हणाल्या. "घरात आल्यावर मुलीने काय काय केलं?"

भिंगरीने खाली बघितलं.

"आई खाटेवर का होती?"

"माहीत नाही."

तपासनीसांनी कागदावर न आलेल्या उत्तरांची दोन टिंबं काढली. भिंगरीने गुडघे आवळून धरले होते. बाईंना दिसत होतं, ही पोर उत्तर विसरलेली नाही, ती दार लावून उभी आहे. दार ठोठावून ती उघडणार नव्हती. पण दारात उभं राहून काय बोलायचं असतं, ते तिला पाठ असणार. एवढं एकच बाईंना सुचलं. ते वापरणं म्हणजे तिचं गुपित तिच्याच तोंडून काढून घेणं, हेही त्याच क्षणी कळलं. न वापरणं म्हणजे सातची बस.

"शेवटचा प्रश्न," तपासनीस म्हणाल्या. "पुढे काय होईल असं तुला वाटतं?"

"मॅडम, हा मी विचारू?" बाई म्हणाल्या.

"एकदाच."

बाई भिंगरीकडे वळल्या. "दारातली शेजारीण विचारते, आई कुठे आहे गं? त्या मुलीने काय सांगायचं?"

भिंगरीने एक क्षणही घेतला नाही. "सांगायचं, बाहेर गेली आहे. येईल एवढ्यात."

"पण आई तर घरातच आहे ना?" तपासनीस म्हणाल्या.

"म्हणून तर." भिंगरी न समजणाऱ्या माणसाला समजवावं तशी सांगू लागली. "आजारी आहे ना ती. उठता येत नाही, म्हणून भांडी तशीच आहेत, म्हणून दिवाही लावलेला नाही. शेजारणीला दिसलं तर ती आत येईल. दार अर्धंच उघडायचं. आणि हात आधी पुसायचे, ओल्या हातांनी दारात गेलं की विचारतात, काम तू करतेस का म्हणून. या मुलीने हात पुसले की नाही, ते लिहिलेलं नाही."

तपासनीसांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नवल होतं. मग ते मावळलं आणि त्या जवळ सरकल्या.

"बाळ, हे सगळं तुला कसं गं माहीत? तुझी आई..."

आपण काय बोलून बसलो ते भिंगरीला कळलं होतं. ती बाईंकडे बघत होती, आणि हे बाईंनीच काढून घेतलं, एवढंच त्या डोळ्यांत होतं. ती नजर बाईंना सहन झाली नाही.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "प्रश्न उताऱ्यापुरतेच विचारावेत, असं तुमच्याच कागदावर वर छापलंय."

तपासनीसांनी कागदाकडे पाहिलं नाही. बाईंकडेच पाहिलं. मग दोन्ही टिंबं खोडली आणि खाली लिहिलं, "आकलन उत्तम. वर्ग बदलू नये." कागद बाईंपुढे सरकवताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी नाही विचारत. पण तुम्ही आता विसरून जाऊ नका."

बाहेर व्हरांड्यात भिंगरी दोन हात अंतर ठेवून चालत होती. मधल्या सुट्टीला पाच मिनिटं होती. बाईंनी तिला थांबवलं. माफी मागायची असं त्यांनी ठरवलं होतं, पण नऊ वर्षांच्या मुलीची माफी कोणत्या शब्दांत मागतात ते त्यांना येत नव्हतं.

"संध्याकाळी मी तुझ्याकडे येते," त्या म्हणाल्या.

भिंगरी सावध झाली. "कशाला?"

"भांडी घासायला. तू आईपाशी बस. मी कुणाला काही विचारणार नाही, बाबांनाही नाही. मामाचं नावसुद्धा काढणार नाही."

भिंगरीने त्यांचे हात पाहिले, उलटे, सुलटे, खडूने माखलेले. हे हात कामाचे आहेत की नाहीत, याचा ती खरोखरच विचार करत होती. घंटा झाली. मुलं वर्गातून भराभर बाहेर पडली. भिंगरी पळत सुटली, फाटकापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली.

"बाई," ती धापा टाकत म्हणाली, "आमच्याकडे घासणी एकच आहे."

"मी माझी आणते," बाई म्हणाल्या.

"मग या," भिंगरी म्हणाली आणि घराकडे धावली.