उर्दू शिकणारे साडू

कर्जत तालुक्यात दुकानांच्या पाट्यांसमोर माझ्या साडूंइतका वेळ दुसरं कोणी उभं राहिलं नसेल. निवृत्त शिक्षक, राहायला कडावला. पाटी वाचून झाली की माणूस दुकानात शिरतो. साडू बाहेरच थांबतात आणि नव्यानं वाचणारा कुठे अडेल ते शोधत बसतात. ऱ्हस्व वेलांटी म्हणजे त्यांच्या मते रांगेत घुसलेलं गिऱ्हाईक: बोलताना मागे, लिहिताना पुढे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी हे शेजारच्या व्याह्यांना 'जिलबी' या शब्दावर समजावलं. व्याह्यांना वेलांटी कळली तोवर जिलबी वाढणारा पुढे गेला होता. इंग्रजीची त्यांना दया येते. "तिकडे प्रत्येक शब्दाची वेगळी ओळख करून घ्यावी लागते," ते म्हणतात, "लग्नघरातल्या पाहुण्यांसारखी."

निवृत्तीनंतर त्यांनी डोंगरातल्या एका वाडीवर बायकांसाठी वाचनाचा वर्ग काढला. 'अननसाचा अ' वगळला, कारण अननस तिथे कोणाच्याच ओळखीचा नव्हता. भ आणि त शिकवून, काना जोडून पहिल्याच दिवशी 'भात' वाचून घेतला. तरी वर्ग ओसरत गेला. एखादी मोठ्यानं वाचताना चुकली की बाकीच्या हसत, आणि हसं झालेली बाई परत येत नसे. शेवटी उरली एकटी जाईबाई. तीही म्हणाली, "या वयात हसं नको, मास्तर. उद्यापासून मी बी नाय येत." त्या रात्री साडू जेवले नाहीत.

मग त्यांनी कर्जतच्या बांगडीवाल्या चाचींकडे उर्दू शिकायला घेतलं. "वाचता न येणं म्हणजे काय, ते मी विसरलोय," एवढंच कारण त्यांनी घरी दिलं. चाची बांगड्या भरायला वाडीवर जात. साडू पहिलं पुस्तक घेऊन त्यांच्यामागे गेले आणि अंगणात, सगळ्या बायकांच्या देखत, धडा वाचू लागले. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. शब्द आधीच माहीत असावा लागतो. साडूंना तो माहीत नव्हता.

"अवो मास्तर, उजवीकडून! किती येळा सांगू?" चाची ओरडल्या.

"अगं, मास्तरला पन येत नाय!" जाईबाई म्हणाली. अंगण हसलं. साडू पुन्हा वाचू लागले, पुन्हा चुकले. चाचींनी कपाळाला हात लावला.

"आनि लाजत बी नाय गं हा बाबा!" जाईबाईनं घरातून आपली पाटी आणली. "सरका तिकडं. तुमचं चालू द्या चाचीसंगं, मी माजं वाचते."

वर्ग पुन्हा भरला. मराठी बोलणाऱ्या पण न वाचणाऱ्या चाचीही त्यात बसू लागल्या.

आता साडूंच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही. वर्ग जाईबाई घेते. साडू रिक्षानं पायथ्यापर्यंत जातात आणि रस्त्याखालच्या ओढ्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून राहतात. परवा मी सोबत होतो. वरून मोठा हशा ऐकू आला.

"काय झालं?"

"कोणीतरी चुकलं," साडू म्हणाले. त्यांनी हातानं मला गप्प केलं आणि मान वर करून कान दिला.

हशा ओसरला. मग एका बाईचा आवाज, अडखळत, पहिल्यापासून वाचू लागला.