दशांश चिन्हानंतरचा आकडा

मी भूगोल शिकवते आणि जात्याच संशयी आहे. भाजीवाल्याच्या काट्यालाही आधी बोट लावून बघते. त्यामुळे जळकोटजवळच्या एका गावात निवृत्त गुरुजींनी अंगणातल्या पर्जन्यमापकाच्या जुन्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या, तेव्हा आनंद झाला तरी पहिला विचार आला, यात थापा किती?

संशोधनासाठी मला रोजच्या खऱ्या नोंदी हव्या होत्या. वह्या लातूरला आणून महिनाभर चाळल्या. अक्षर गुरुजींचं, सही गुरुजींची आणि आकडे बावनकशी. ६.४ मिलिमीटर, १७.२, एका दिवशी तर नुसतं ०.६. एवढ्याशा शिंतोड्यासाठी रोज सकाळी साडेआठला मोजपात्रात पाणी ओतून बघणारं माणूस मला फार आवडलं. आमच्या महाविद्यालयात गुरुजींचा सत्कार करायचा, हे मी ठरवूनच टाकलं. पत्रिकाही छापल्या.

मग एका पावसाळ्यापाशी अडखळले. सलग सात आठवडे पाच, दहा, पंधरा, वीस. पाऊस काय असा ठरवून पडतो? आणि नंतर पुन्हा ८.२. मला राहवेना. तडक गावी गेले.

गुरुजी बाजारला गेले होते. त्यांच्या पत्नी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्या पावसाळ्यात घरी काही झालं होतं का, असं मी काकूंना विचारलं.

"तवा मी निलंग्याला व्हते की. माय लई आजारी व्हती."

"मग तेव्हा पाऊस कोण मोजायचं?"

"गुरुजीच. एरवी मीच मोजते. ते सकाळीच साळंला जायचे. मी आकडा ध्यानात ठेवायचे, ते आल्यावर लिवायचे. रिटायर झाले तरी तसंच चालू हाय."

मी गार पडले. महिनाभर ज्या माणसाचं मी कौतुक करत होते, ते माणूस माझ्यासमोर शेंगा फोडत बसलं होतं.

मी सत्काराला दोघांनाही बोलावलं. पण कार्यक्रम सकाळचा, गावातून सातलाच निघायला हवं. काकू आल्या नाहीत. गुरुजींनी शाल घेतली, शिस्तीवर छान बोलले, काकूंचा उल्लेखसुद्धा केला नाही. मला संताप आला. स्वतःचाही आला, कारण माईक माझ्याही हातात होता आणि मीही गप्प बसले.

आठवड्याने जुन्या वह्या परत द्यायला गेले आणि चालू वही उघडून पाहिली. सत्काराच्या दिवशी गुरुजींनी निघतानाच अंदाजाने 'पाच' लिहून सही ठोकली होती. ती अख्खी ओळ कुणीतरी खोडली होती. खाली वाकड्यातिकड्या अक्षरात ३.८. पुढे सही नव्हती.

"काकू, सही का नाही केली?"

"सई गुरुजींची आसती."

"मोजलंत तुम्ही, लिहिलंत तुम्ही. सहीही तुमचीच."

मी पेन पुढे केलं. खुर्चीत पेपर वाचणाऱ्या गुरुजींनी पेपर खाली घेतला. काकूंनी एकेक अक्षर जोडत सही केली आणि वही जराशी लांब धरून बघितली. मग मी आणलेला वह्यांचा गठ्ठा जवळ ओढून त्या गुरुजींकडे वळल्या.

"अवो, मागल्या समद्या पानांवर पन करू का मग?"