ताईच्या उललेल्या गालांवरचं कोल्ड क्रीम

मैत्रिणींनो, नगरला परतल्या परतल्या हा ई-मेल लिहितेय. आज ताईच्या सासरी गेले होते. दाजी वारल्यानंतरचा तिचा हा पहिला हिवाळा. थंडीनं तिचे गाल उलले होते, ओठांतून रक्त येत होतं. केसांना तेलाचं बोटही नव्हतं.

पर्समधलं कोल्ड क्रीम मी तिच्या गालांना लावलं. "झोंबतंय गं," म्हणत तिनं डोळे मिटले.

तेवढ्यात तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आता कुनाला दावायचं हाय?"

"मावशी, दुखतंय तिला," मी म्हणाले.

ताईनं पदरानं गालांवरचं क्रीम पुसून टाकलं. निघताना डबी देऊ केली, तीही घेतली नाही.

सांगा ना, कातडी उलली तर क्रीम लावायलाही नवरा जिवंत असावा लागतो का?