डावमावशींचा पंक्तिप्रपंच

कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं ज्यांनी भाजी वाढली, त्यांना सगळे डावमावशी म्हणत. मॅनेजर असो की झाडूवाला, ताटात पडायचा तो एकच डाव, काठोकाठ, ना थेंब जास्त ना थेंब कमी. एकदा मोठ्या साहेबांनी हसून ताट पुन्हा पुढे केलं, तर मावशी म्हणाल्या, "साहेब, रांगेच्या शेवटी उभे राहा. उरलं तर देवाचं, आणि तुमचं." साहेब खरंच उभे राहिले म्हणे. राहिले नसतील तरी गोष्ट अशीच सांगायची असते.

पंक्तिप्रपंच हा शब्द मावशींना शिवीसारखा वाटे. देवाने माणसं वेगवेगळ्या उंचीची केली, पण भुकेचं माप सगळ्यांना एकच दिलं, असं त्यांचं म्हणणं. सूनबाईने घरी मुलाला एक बटाटा जास्त वाढला, तरी मावशींची भुवई वर जाई.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मावशींच्या अंगावर निळे डाग उठू लागले. कुठे आपटलं नाही, कुणी मारलं नाही, आणि दंडावर आपले जांभळाएवढे डाग! दात घासले की हिरड्यांतून रक्त. तपासणीत निघालं की रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, प्लेटलेट म्हणतात त्या, दीड लाख असायला हव्यात तिथे आठ हजार उरल्यात. आणि खातंय कोण? तर त्यांचंच शरीर.

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," मावशी म्हणाल्या.

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आधी जे औषध दिलं, त्याने पेशी थोड्या वाढल्या, पण चेहरा भोपळ्यासारखा फुगला, साखर चढली, आणि झोप उडाली ती उडालीच. आरशासमोर उभ्या राहून मावशी म्हणत, "ही बाई कोण? हिला मी ओळखत नाही." तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एका नव्या गोळीच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच पण आत काही नसलेली. कुणाला कोणती, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवणार. रोग्याला कळणार नाही, डॉक्टरलाही नाही.

मावशींनी सही केली, पण तोंड वाकडं करून. एकाच रांगेत निम्म्यांना भरलं ताट आणि निम्म्यांना रिकामं, आणि वाढणाऱ्यालाच माहीत नाही कुणाला काय वाढलं! असं कँटीन त्यांनी एक दिवससुद्धा चालू दिलं नसतं.

दवाखान्याच्या लांब बाकावर त्यांच्या शेजारी एक ग्रंथपालबाई बसायच्या. किडकिडीत, पांढऱ्या केसांचा नीट अंबाडा, आवाज असा की शब्द पुस्तकात परत ठेवल्यासारखा. आजार तोच, अभ्यासही तोच. दर पंधरवड्याला दोघींनी रिकामी बाटली आणायची आणि रक्त द्यायचं. मग चौदा गोळ्यांची नवी बाटली मिळायची. बाटल्यांचा हिशोब एक तरुण मुलगी ठेवी. ती एकेक गोळी अशी मोजायची की मावशींनी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं, आणि मनातून त्यांना ती आवडायची.

महिनाभरात मावशींच्या पेशी चौसष्ट हजारांवर गेल्या. ग्रंथपालबाईंच्या एकोणीस हजारांवर अडून बसल्या.

"माझी खरी आहे," मावशींनी कानात सांगितलं. "डोकं दुखतं माझं. खोट्या गोळीने डोकं दुखतं होय? तुझं दुखतं का?"

"नाही."

"बघ! तुझ्या ताटात नुसतं पाणी वाढलंय मेल्यांनी."

"कॉम्प्युटर आहे तो, मावशी. मेला कसा म्हणता?"

"ज्याला भूक कळत नाही तो मेलाच."

त्या दिवशी मोजणीबाईंकडून बाटली घेऊन मावशी बाकावर आल्या. पदराखाली झाकण उघडलं आणि चौदांतल्या सात गोळ्या कागदात बांधून ग्रंथपालबाईंच्या पर्समध्ये सरकवल्या. स्वतः दिवसाआड खायची, आणि त्या मधल्या दिवशी मैत्रिणीने आपल्या गोळीवर ही एक खायची, असा बेत.

ग्रंथपालबाई घाबरल्या. "अहो, हे चालत नाही. आपण लिहून दिलंय."

"लिहून दिलंय माणसांना. वर जो बसलाय त्याला मी सकाळीच सांगून आलेय, तू काळजी करू नको. चल, पहिली आत्ता खा. माझ्यासमोर."

असे तीन पंधरवडे गेले. रिकामी बाटली परत करताना मावशी मोजणीबाईंकडे इतक्या निष्पाप चेहऱ्याने बघायच्या की शेवटी त्या मुलीलाच आपलं काही चुकलं की काय असं वाटे. आणि झालं कसं, की तिसऱ्या वाटणीच्या दिवशी ग्रंथपालबाईंच्या पेशी एकदम नव्वद हजारांवर उडाल्या. मावशींच्या अठ्ठावन्न हजारांवर होत्या, म्हणजे फारसं बिघडलेलंही नव्हतं. त्यांची छाती अशी फुगली की जणू गोळी त्यांनीच पाट्यावर वाटून केली होती. घरी सूनबाईला म्हणाल्या, "देव कुणाच्या हातून काय करून घेईल सांगता येत नाही." कुणाच्या हातून ते मात्र सांगितलं नाही. मोठ्या कष्टाने गिळलं.

त्यानंतरच्या तपासणीला ग्रंथपालबाई लंगडत आल्या. उजवी पोटरी डाव्या पोटरीच्या दीडपट. हात लावला तर गरम. डॉक्टरीणबाईंनी लगेच त्यांना आतल्या पलंगावर झोपवलं, पायावर मशीन फिरवलं आणि पडद्यावर बघत म्हणाल्या, "शिरेत रक्ताची गाठ आहे. अशी गाठ सुटून छातीत गेली तर जिवावर बेतू शकतं. लवकर आलात, बरं झालं."

पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या मावशी मनात हिशोब मांडू लागल्या. रक्त गोठत नव्हतं म्हणून औषध, आणि औषधाने आता इतकं गोठलं की गाठ झाली! आणि ते औषध जास्तीचं कुणी वाढलं होतं?

"बाई," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अभ्यासाच्या गोळीशिवाय दुसरं काही घेता का? नीट आठवून सांगा. पुढची इंजेक्शनं त्यावर ठरवायची आहेत."

"नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "रोजची एकच गोळी."

मावशींना वाटलं, ही आपल्याला वाचवतेय. मरायला टेकली तरी आपलं नाव घेणार नाही. आणि आपण बोललो तर? अभ्यासातून नाव कापणार, गोळी बंद, पुन्हा तो भोपळ्यासारखा चेहरा, पुन्हा निळे डाग. क्षणभर त्या नुसत्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग उठून उभ्या राहिल्या.

"खोटं बोलतेय ती!"

डॉक्टरीणबाई वळल्या. दारात मोजणीबाई रजिस्टर घेऊन उभी होती, तीही थबकली.

"दीड खाते ती रोज. अर्धी माझी. म्हणजे दिवसाआड एक. सात, सात आणि सात, एकवीस गोळ्या मी दिल्या. तिची खोटी होती म्हणून. माझं नाव कापा, मला पोलिसात द्या, पण तिला काय द्यायचं ते नीट द्या."

मोजणीबाईंच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त काहीतरी होतं. सहा आठवडे आपल्याला नाचवलं गेलं, हे तिला नुकतंच उमगत होतं.

डॉक्टरीणबाईंनी फोन लावला. जिवाला धोका असेल तेव्हा चिठ्ठी उघडायची मुभा असते. पलीकडून उत्तर आलं, ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

"बाईंची गोळी खरीच होती," त्या म्हणाल्या. "सुरुवातीपासून. काही जणांत तिचा परिणाम उशिरा दिसतो."

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. भरल्या ताटात आपण आणखी अर्धा डाव ओतला! एकतीस वर्षांत साहेबाला जे दिलं नाही, ते हिला दिलं, आणि ते हिला बाधलं.

तेव्हा पलंगावरून बारीक आवाज आला. "माझी पर्स द्याल का जरा?"

ग्रंथपालबाईंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि उघडून मोजणीबाईंच्या हातात दिलं. आत गोळ्याच गोळ्या.

"मी खोटं बोलले नाही. तुमच्याकडच्या संपल्या की परत द्यायच्या होत्या, मावशी. इतक्या मनापासून देत होतात, तुमचं मन मोडवेना."

मावशींना हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मोजणीबाईंनी टेबलावर कागद पसरून मोजायला सुरुवात केली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"वीस आहेत. एक कमी."

ग्रंथपालबाईंनी छताकडे पाहिलं. "ती पहिल्या दिवशीची. मावशी समोर बसल्या होत्या. मी गिळेपर्यंत हलल्या नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, एका गोळीने ही गाठ झालेली नाही, खऱ्या औषधाचाच हा ठाऊक असलेला त्रास आहे, आणि तो आता आपल्याला आवरायचा आहे. आवरलाही. इंजेक्शनांनी पाय पंधरा दिवसांत उतरला, ती गोळी मात्र बंद झाली आणि दुसरी सुरू झाली.

मावशींचं सगळं प्रकरण समितीकडे लिहून गेलं. समितीने नाव राहू दिलं, पण अटींवर. बाटली दर आठवड्याला, सातच गोळ्यांची, आणि रोजची गोळी सूनबाईच्या देखत. सासूला समोर बसवून "आ करा" म्हणण्याचा योग सूनबाईला आला. तिने तो एक दिवसही चुकवला नाही. मावशींची गोळी खरी की खोटी, ते मात्र कुणी सांगितलं नाही. मावशींनी मोजणीबाईंना चार वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी या बाईला सांगितलं नसतं.

हे सगळं पुढचं. त्या दिवशी, डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यावर, मावशी पलंगाच्या कडेला बसल्या आणि मैत्रिणीवर डोळे वटारले.

"सहा आठवडे मी अर्ध्या पोटी राहिले, आणि तू माझं वाढलेलं चष्म्याच्या घरात कोंबत होतीस? पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तर तुम्ही त्या दुसऱ्या कुणाला तरी दिल्या असत्या."

मावशींची नजर दाराकडे गेली. बाहेरच्या बाकावर खिडकीशी एक हडकुळी बाई बसायची, तिच्या पेशी बारा हजारांवर होत्या, आणि मावशींनी तिचं नावगावसुद्धा विचारून ठेवलं होतं.