एका ओळीचा समारोप

निबंधाच्या वह्या तपासताना सातवीतल्या सुमनच्या वहीपाशी मी थांबले. विषय होता 'माझी शाळा'. पहिला परिच्छेद वर्णनाचा, त्यात गळकं छप्पर आणि मैदानातलं बदामाचं झाड. दुसऱ्यात कबड्डीत गुडघा फुटल्याची गोष्ट. तिसरा अवघ्या एका वाक्याचा: "पुढच्या वर्षी मला शाळा नाही, कारण आठवी गावात नाही."

शेजारी बसलेले सर डोकावले. "मॅडम, समारोप किमान पाच ओळींचा हवा. गुण कापा."

परिच्छेदांचे प्रकार मीच फळ्यावर लिहून दिले होते. हा एका वाक्याचा प्रकार त्यांत नव्हता. पण जिला पुढचं काही दिसतच नाही, तिने उरलेल्या चार ओळी कुठून आणायच्या?

मी पैकीच्या पैकी गुण दिले.

"समारोप वाढवायचाय ना, सर? मग आधी तिला आठवीत बसवा."