सुळे नसलेली कवळी

माणूस निसर्गानं मांस खाण्यासाठी घडवला की भाजीपाला खाण्यासाठी, या प्रश्नाचा निकाल एकदा माझ्या हातात आला होता. तो मी स्टोव्हवर उकळत ठेवला आणि मटण खायला निघून गेलो. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. रामदासपेठेत एका दातांच्या डॉक्टरांकडे मी कवळ्या बनवायचो. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांचे दात काढायचे आणि मागच्या खोलीत मी लोकांसाठी नवे दात मांडायचो. मेण, प्लास्टर, गुलाबी पावडर आणि एक पितळी स्टोव्ह, एवढा माझा संसार. समोरून आरडाओरडा फार झाला की मी रेडिओ मोठा करायचो. कवळीचे दात तयार यायचे, मेणाच्या पट्टीवर ओळीनं चिकटवलेले. पुढच्या पट्टीवर सहा : मधे चार पटाशीचे आणि दोन्ही टोकांना एकेक सुळा. दाढांची पट्टी वेगळी.

एक दिवस धरमपेठेतले एक निवृत्त हेडमास्तर डॉक्टरांना ओलांडून थेट मागच्या खोलीत आले. तोंडात एकही दात नव्हता, पण आवाजात शाळा अजून भरलेली होती.

"कवळी तू करतोस?"

"हो, सर."

"माझ्या कवळीत सुळे नकोत."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. मी रेडिओ बंद केला.

"वाघाला सुळे असतात, गाईला नसतात," हेडमास्तर म्हणाले. "आपला जबडा गाईसारखा आडवा हलतो. आपलं आतडं लांबलचक. माणूस मुळात शाकाहारी, हे उघड आहे. फक्त हे सुळे मधे येतात आणि लोक वाद घालतात. माझे दात होते तोवर इलाज नव्हता. आता देवानंच पाटी कोरी करून दिली आहे. सुळ्यांच्या जागी दाढा बसव."

गप्प बसावं की नाही मी? पण हुशारी दाखवायची खाज.

"सर, गाईला वरचे पुढचे दातच नसतात. मग ते पण वगळू का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी आपोआप स्टुलावरून उठून उभा राहिलो.

"शिक्षण?"

"इंटर सायन्स, सर. नापास."

"दिसतंच आहे," असं म्हणून ते मापाला बसले.

दुसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर त्यांचे व्याही आले. काटोलकडचे शेतकरी. पांढरं धोतर, भरघोस मिशा आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. खडा सुपारी ते दाढेखाली अशी फोडायचे की माझा धंदा बुडाल्यासारखं मला वाटायचं. मी हेडमास्तरांच्या तोंडात मेण धरून बसलेलो, म्हणजे त्यांना बोलता येत नव्हतं. व्याह्यांना याहून चांगली संधी कधी मिळणार?

"बापू, तूच सांग गा," ते मला म्हणाले. "माही पोरगी ह्यांची सून हाये. सातवा महिना लागला. पोरीले डोहाळे लागले मटनाचे. थे काय मेथीच्या भाजीनं फिटतात?"

"मग माहेरी न्या ना," मी म्हणालो.

"डाक्टरीनबाई म्हनते, एसटीनं हलवू नका. म्हनून मी म्हनून राहिलो, इथंच शिजवतो. घरात नाही, मांगं परसात. मागतो काय मी? तीन इटा!"

आमच्या भागात पुष्कळ घरांत ही रीत होती. स्वयंपाकघरात मटण चढत नसे. परसात तीन विटांची चूल मांडायची, त्यासाठी वेगळं गंज, म्हणजे पातेलं, ठेवायचं, शिजवायचं पुरुषांनी, आणि घरात त्याचा चमचाही जायचा नाही. पण हेडमास्तरांच्या घरी ही सोयसुद्धा नव्हती. त्यांनी मेण तोंडातून काढलं.

"माझ्या कुंपणाच्या आत ती चूल पेटणार नाही."

"काहून?"

"कारण माणसाला मांसाची गरजच नाही. येत्या रविवारी माझं व्याख्यान आहे, त्यात सिद्ध करतो. या बिनसुळ्यांच्या कवळीनं काहीही खाऊन दाखवतो."

"काईबी?" व्याह्यांच्या मिशा हलल्या. "माह्या गावची ज्वारीची शिळी भाकर आनतो. दोन दिसाची. खाल्ली, तं मी पुन्हा मटनाचं नाव काढनार नाही. नाही जमलं, तं?"

"तर तीन विटा मी स्वतः मांडीन."

असा करार झाला, आणि साक्षीदार कोण, तर मी. एका गरोदर बाईचे डोहाळे माझ्या हातातल्या मेणावर येऊन ठेपले.

मी काम मात्र इमानानं केलं. सुळे काढून त्या जागी दाढा बसवल्या. कवळी फणीसारखी दिसत होती. खालची कवळी पुरी झाली होती; शुक्रवारी दुपारी वरची प्लास्टरच्या साच्यात बंद केली आणि आतलं मेण वितळायला साचा पाण्यात उकळत ठेवला. हे काम फार तर दहा मिनिटांचं. तेवढ्यात पोटात भूक पेटली. मनात म्हटलं, दहा मिनिटांत सावजीच्या खानावळीत एक प्लेट मटण होईल.

सावजी मटण दहा मिनिटांत खाणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पहिल्या घासाला नाक वाहतं, दुसऱ्याला डोळे, आणि तिसऱ्यानंतर आपण कामावरून आलो आहोत हे आठवत नाही. दीड तासानं परतलो, तर मागची खोली धुरानं भरलेली. पाणी आटून गेलं होतं, साचा तडकला होता, दात तपकिरी होऊन भांड्याच्या बुडाशी पडले होते. डॉक्टर नशिबानं जेवायला घरी गेलेले. स्टोव्ह चालू ठेवून बाहेर जाण्याबद्दल त्यांनी मला आधीच दोनदा ताकीद दिली होती. तिसऱ्यांदा ते बोलणार नव्हते, सरळ रस्ता दाखवणार होते.

हेडमास्तरांच्या तोंडाचा मूळ नमुना शिल्लक होता. रात्र घालवून नवी कवळी होण्यासारखी होती. फक्त त्या रंगाच्या जादा दाढा उरल्या नव्हत्या. उरली होती एक साधी पट्टी, सहा दातांची, सुळ्यांसकट. मी विचार केला, तोंडात कोण बघतंय? सुळ्यांची टोकं कानशीनं थोडी घासली आणि बसवून टाकले.

शनिवारी संध्याकाळी हेडमास्तर आले. कवळी घातली. आरसा पुढे केला तर म्हणाले, "मला काय सिनेमात जायचंय?" मग जीभ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली.

"सुळे नाहीत ना?"

"एकही नाही, सर."

त्यांनी पुन्हा एकदा जीभ फिरवली आणि ते छत्री उचलून गेले.

रविवारी व्याख्यान धरमपेठेतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात होतं. न जाण्यासाठी मी पोटदुखीचं निमित्त तयार ठेवलं होतं, पण हेडमास्तरांनी निरोप धाडला की कारागीर हजर पाहिजे. बहुतेक श्रोते पेन्शनर. मी मागच्या ओळीत, दाराजवळ, पळायला बरं म्हणून.

हेडमास्तर सुंदर बोलले. वाघ झाला, गाय झाली, आतडं झालं. शेवटी म्हणाले, "आणि आता प्रत्यक्ष प्रयोग. या कवळीत सुळा नाही." व्याही उठले. पंच्यात गुंडाळलेली भाकर त्यांनी टेबलावर ठेवली तर पाटी ठेवल्यासारखा आवाज झाला.

हेडमास्तरांनी तुकडा उचलला, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरला आणि कचकन तोडला. टाळ्या. मी मात्र खुर्ची दाराकडे सरकवली. भाकर तोंडाच्या कोपऱ्यानं कोण तोडतं? ज्याला तिथं सुळा आहे तो. त्यांनी अर्धी भाकर संपवली आणि जोशात येऊन म्हणाले, "व्याह्यांनी खुशाल तपासून पाहावं!"

बोलून गेल्यावर क्षणभर त्यांचा चेहरा उतरल्यासारखा मला वाटला. पण तोवर कोणीतरी बॅटरी पुढे केली होती.

व्याही वाकले. हेडमास्तरांनी तोंड उघडलं. बॅटरीचा उजेड उजवीकडे गेला आणि थांबला. मग डावीकडे गेला आणि थांबला. मी मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहीत होतो. गुरं पारखून बाजारात घेणारा माणूस तो. दात मोजण्यात त्याचा हात धरणारं त्या सभागृहात कोणी नव्हतं. एक शब्द बोलला असता, की चूल त्याची, मटण त्याच्या पोरीचं.

व्याही सरळ झाले. बॅटरी विझवली.

"नाही बाप्पा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एकबी सुळा नाही. गाईचं तोंड हाये."

सभागृह हसलं, टाळ्या पुन्हा झाल्या. व्याह्यांनी उरलेली भाकर पंच्यात बांधली आणि खाली मान घालून बसले. मला तिथं बसवेना. सातव्या महिन्याची पोर, तिच्या बापाचं तोंड बंद, आणि हे सगळं कशासाठी, तर माझी एक प्लेट मटण.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच हेडमास्तर पायरीवर बसलेले. मी सायकल लावली आणि एका दमात सांगायला लागलो, "सर, मला एक कबूल करायचंय. त्या कवळीत..."

"दोन सुळे आहेत," ते म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बसवली त्याच मिनिटाला. जीभ काय गावाला गेली होती?"

"मग बोलला का नाहीत?"

ते छत्रीच्या टोकानं पायरी उकरायला लागले.

"दोन वर्षं नुसतं मऊ गिळतोय रे मी. शनिवारी घरी गेलो, तर सूनबाईनं नेहमीसारखी भाकर कुस्करून दुधात घातली. म्हटलं, आज कुस्करू नकोस. कोपऱ्यात धरून तोडली. असा कट् आवाज झाला! वाटलं, उद्या सांगू. आणि उद्या तर व्याख्यान." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बॅटरी धरली तेव्हा मी व्याह्यांच्या डोळ्यांत बघत होतो. त्यांनी दोन्ही मोजले."

मग मी साचा, स्टोव्ह आणि सावजी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. मला वाटलं, आता भरपाई करावी.

"सर, सुळे काढून दाढा बसवून देऊ का? आजच देतो."

त्यांनी झटकन तोंडावर हात धरला.

"खबरदार!"

दवाखान्याच्या शेजारी एका घराचं बांधकाम चालू होतं. हेडमास्तर मिस्त्रीशी दोन शब्द बोलले, आणि मला म्हणाले, "उचल. तीन." विटा माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधल्या. मी सायकल ढकलत, ते शेजारून छत्री धरून, असे आम्ही धरमपेठेत पोचलो. व्याही पिशवी घेऊन फाटकाशी उभे, एसटीला निघालेले.

"हे काय?"

"विटा," हेडमास्तर म्हणाले.

"तुमी तं जिंकले नं?"

"आपण दोघंही मोजताना चुकलो. पुढच्या सभेत मी तसं सांगणार आहे. पिशवी ठेवा खाली."

व्याह्यांनी पिशवी ठेवली. मिशा थरथरल्या. मग माझ्याकडे वळून ओरडले, "पाहून काय राहिला बे? जा, दीड किलो आन! नळ्या जास्त दे म्हना."

विटा हेडमास्तरांनी स्वतः मांडल्या, भूमितीतला त्रिकोण काढावा तशा, तीनदा सरकवून. मग ते वारा पाहून कुंपणापाशी जाऊन उभे राहिले, नाकाला रुमाल. चूल पेटली, कोळशाच्या निखाऱ्यावर भाजलेल्या खोबऱ्याचा वास सुटला, आणि रुमालाआडून आतड्याच्या लांबीवर व्याख्यान सुरू झालं. व्याही ढवळत होते. सूनबाई मागच्या दाराशी पाटावर बसून पहिली वाटी संपवत होती. दुसरी पुढे करताना म्हणाली, "बाबा, तिखट कमी पडलं."

"तुह्या सासऱ्याच्या नाकाचा इचार केला वं," बाप म्हणाला.

मी तिसऱ्या वाटीवर होतो. नळीतला गर निघेना, म्हणून ती तोंडाच्या कोपऱ्यात धरली आणि जोर लावला. कट्! मला वाटलं, फुटली. नळी शाबूत होती. माझ्या तळहातावर माझा स्वतःचा, आईबापांनी दिलेला, उजवा सुळा पडला होता.

व्याख्यान थांबलं. हेडमास्तर रुमाल खिशात घालून त्या दिवसात पहिल्यांदाच चुलीजवळ आले. बॅटरी मागवली. भर उन्हात माझ्या तोंडात उजेड टाकून त्यांनी बराच वेळ समाधानानं पाहिलं.

"पाह्यलं का?" ते व्याह्यांना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून वऱ्हाडी निघाली असावी. "मूळचा होता. मटणावर टिकला नाही."

"नळीची चूक हाये थे," व्याही म्हणाले. "मटनाची नाही."

त्यांचा वाद नव्यानं जुंपला. सूनबाई तिसरी वाटी घेऊन ऐकत बसली. निघताना हेडमास्तर मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी गंभीरपणे म्हणाले, "आता तुझा नवा दात तूच बनवशील ना? मग नीट विचार करून ठरव. सुळा बसवायचा, की दाढ?"