हौसामावशींचं बोट

हौसामावशींच्या सुनीताचा फोन आला तेव्हा मी माझ्या आताच्या दौंडच्या दवाखान्यात एका पेशंटच्या दाढेचा एक्स-रे कॉम्प्युटरवर बघत होतो. "आई गेली," ती म्हणाली. मी 'येतो' म्हणालो, फोन ठेवला, आणि... हातातली दाढ पुरी करूनच उठलो. याला आता सहा आठवडे झाले. नदीकाठी दहाव्याला माइक माझ्याही हातात दिला होता. हौसामावशी किती कष्टाळू, किती प्रामाणिक, असं चार मिनिटं बोललो. लोकांनी माना डोलावल्या. जे बोलायला हवं होतं, ते तेव्हाही बोललो नाही.

हौसामावशी केंदूरच्या. नव्वदीच्या सुरुवातीला शिरूरला एसटी स्टँडजवळ मी दातांचा दवाखाना काढला, त्याच वर्षी त्या कामाला आल्या. नवरा वारलेला, सुनीता शाळेत. झाडलोट, अवजारं उकळणं, पेशंटला आत सोडणं, सगळं त्यांच्याकडं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना तंबाखूची मिश्री सोडायला लावली. दातांच्या दवाखान्यातली बाई बोटानं मिश्री घासते हे बरं दिसत नाही, म्हणालो. त्यांनी डबी माझ्यासमोर बेसिनमध्ये उपडी केली. "घ्या. आता डोकं दुखलं तर तुमीच चेपा." त्यानंतर त्यांनी मिश्रीला हात लावला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढं ती लागणार आहे.

तेव्हा दाताचा एक्स-रे म्हणजे तोंडात मावेल एवढी छोटी फिल्म. ती दाताच्या आतल्या बाजूला धरून ठेवावी लागते; पेशंटनं स्वतःच्या बोटानं, नाहीतर होल्डर लावून. होल्डर माझ्याकडं होता, ड्रॉवरमध्ये, पिशवीसकट. तो लावायला वेळ जायचा, म्हाताऱ्या माणसांना ओकारी यायची. एकदा एका आजोबांच्या बोटाखालून फिल्म तिसऱ्यांदा सटकली, तेव्हा मावशी पुढं झाल्या. "सोडा आबा, मी धरते." मी बटणाची वायर घेऊन दाराबाहेर गेलो आणि बटण दाबलं.

फिल्म धुऊन वाळली तर आबांच्या दाढेशेजारी मावशींच्या बोटाचं हाड. लहानपणी कडबा तोडताना विळ्यानं त्या बोटाच्या टोकाचा कोपरा उडाला होता, तो तुटका कोपरासुद्धा हाडात दिसत होता. मावशी हरखल्या. "आबांच्या तोंडात माझं बोट ऱ्हायलं की!" मीही हसलो. मग त्यांना शिकवलं, बोट फिल्मच्या मागं धरायचं, म्हणजे फोटोत येत नाही. हे मी शिकवलं. त्यानंतर ते कधीच कुठल्या फिल्मवर दिसलं नाही.

पुढं रांजणगावला कंपन्या आल्या, शिफ्ट सुटली की पोरं रांगेनं यायची, सगळ्यांना घाई. मावशींचं बोट होल्डरपेक्षा लवकर बसायचं. दर वेळी मी दाराबाहेर आणि त्या आत. मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. कॉलेजात पहिल्यांदा जे शिकवलं ते हेच, की दुसऱ्याची फिल्म आपण धरायची नाही, रोजची किरणं आपल्या बोटाला बाधतात. परीक्षेत त्याचं उत्तरही लिहिलं होतं.

मावशी फिल्म बघायला शिकल्या. खिडकीकडं धरून म्हणायच्या, "डाक्टर, मुळाला काळं आलंय." बहुतेक वेळा बरोबर असायच्या. तंबाखू खाणाऱ्यांचं तोंड मी बॅटरीनं तपासायचो तेव्हा माझं ठरलेलं वाक्य त्याच आधी बोलायच्या, पंधरा दिवसांत जखम भरली न्हाई तर पुण्याला जायचं. कितीतरी माणसं त्यांच्या धाकानं वेळेत गेली.

...आणि त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या त्याच बोटाची कातडी कोरडी, चकचकीत झाली. नखावर उभ्या रेघा आल्या. मग पेराशी एक चीर पडली. त्या पट्टी लावून यायच्या. मी म्हणालो, फिल्म धुवायच्या औषधानं झालं असेल, आणि मलम दिलं. पंधरा दिवस झाले, महिना झाला. पट्टी बदलायची, चीर तीच. मी रोज ती पट्टी बघत होतो आणि रोज बटण घेऊन दाराबाहेर जात होतो. असे आठ महिने.

शेवटी सुनीताच हट्टानं पुण्याला घेऊन निघाली. मी सोबत गेलो. आत मावशी आणि मी गेलो, सुनीता पॅसेजमध्ये थांबली. सर्जननं बोट उलटसुलट करून पाहिलं, तुकडा तपासायला लागेल म्हणाले, आणि मग माझ्याकडं वळले. "तुमच्याकडे काम करतात ना? फिल्म वगैरे धरतात का या?"

माझं तोंड उघडलं होतं. मावशी मध्येच बोलल्या. "मिसरी लावते सायेब. ह्याच बोटानं. लई वर्सं झाली."

डॉक्टरांना ते पुरेसं पटलं नसावं. ते माझ्याकडं बघत राहिले. मी... खाली बघितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर पॅसेजमध्ये मी म्हणालो, "मावशी, मिश्री तर तुम्ही कधीच..." त्या हळूच म्हणाल्या, "गप बसा डाक्टर. पोरगी बघती हाय."

तुकड्यात कॅन्सर निघाला. बोट काढलं. दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवरमधला होल्डर पिशवीतून बाहेर काढला. मावशी कामावर परतल्या तेव्हा तो ट्रेमध्ये होता. त्यांनी पाहिला, धुतला, जागेवर ठेवला. दीड वर्षानं शेजारच्या बोटाला तसंच झालं, मग काखेत गाठ; त्यातच त्या गेल्या. खरं कळलं असतं तर त्या सर्जननं पहिल्याच दिवशी ते बोटही नीट पाहिलं असतं का? मला वाटतं, पाहिलं असतं.

हे इथं लिहिण्याआधी सुनीताला सांगणं भाग होतं. गेल्या रविवारी शिरूरला गेलो. आबांच्या पाकिटातली ती जुनी फिल्म मी जपून ठेवली होती. का, ते तेव्हा कळत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर ती तिच्या हातात दिली. तिनं आईसारखीच खिडकीकडं धरली. तुटक्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला.

"आईचंच आहे," ती म्हणाली. "आणि हा फोटो काढताना तुम्ही कुठं होता, काका?"

"दाराबाहेर," मी म्हणालो.

फिल्म तिनं परत दिली नाही.